जादूगाराच्या हातात काय आहे?



एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली आपली पाच-सहा मुले एका मोबाईलभोवती डोकी घालून हसत उभी होती. आम्ही जवळ गेलो तशी त्यांनी मोबाईल लपवला. मग एकाने धीर करून दाखवला. पडद्यावर तात्या विंचूचा बाहुला होता आणि खाली गणिताच्या पेपरावर काहीतरी विनोद लिहिला होता. बोट सरकवले तर दुसरे चित्र आले. लांब पांढरी दाढी, टोकदार टोपी, हातात काठी, असा एक विलायती जादूगार. तिसऱ्या चित्रात असाच एक म्हातारा काचेच्या गोळ्यात टक लावून बसला होता. अशा चित्रांना मुले 'मीम' म्हणतात. चित्र तेच राहते, खालची ओळ जो तो आपल्या सोयीने बदलतो आणि पुढे पाठवतो. आम्हालाही हसू आले, हे कबूल केले पाहिजे.

तेवढ्यात त्यांपैकी एका मुलाची आई आली आणि म्हणाली, "फादर, ही पोरं दिवसभर त्या जादूगारांचंच बघायलेत. पाप लागत नसंल का?" तिच्या कडेवर धाकटे लेकरू होते. लेकराच्या मनगटाला काळा दोरा होता. गळ्यात कापडात शिवलेला ताईत होता आणि त्याच दोऱ्यात पवित्र मरियेचे पदक ओवलेले होते. तिने विचारले मोबाईलबद्दल, आमचे लक्ष मात्र त्या गळ्यातल्या दोऱ्याकडे गेले. त्या दिवशी आम्ही दोन वाक्यांत उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण तिचा प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याला नीट उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. म्हणून आजचा हा अभ्यास.

जादू तीन प्रकारची

'जादू' हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. त्या आधी वेगळ्या करू.

पहिली हातचलाखी. पुण्याचे जादूगार रघुवीर यांचे प्रयोग ज्यांनी पाहिले असतील त्यांना ठाऊक आहे की, पाहणारा फसतो आणि आपण फसलो म्हणून खूश होतो. दाखवणाराही ही कला आहे हे लपवत नाही. संत जॉन बॉस्को (१८१५-१८८८) लहानपणी गावातल्या मुलांना हातचलाखीचे खेळ दाखवत, दोरावरून चालून दाखवत आणि त्याच गर्दीकडून रोझरीची प्रार्थना म्हणवून घेत. हातचलाखीत पाप नाही. पाप तेव्हा होते, जेव्हा हीच हातचलाखी 'दैवी शक्ती' म्हणून विकली जाते.

दुसरी गोष्टीतली जादू. परीस, उडता गालिचा, अल्लाउद्दिनचा दिवा, आजीच्या गोष्टीतली चेटकीण. गोष्ट ऐकणारे मूल दिवा घासायला उठत नाही. ते गोष्टीतून माणूस ओळखायला शिकते.

तिसरी म्हणजे खरी मानून केलेली जादू. करणी, भानामती, मूठ, उतारा, गंडेदोरे. आपल्या मराठवाड्यात हे शब्द कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. कॅथॉलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाचा २११७ वा परिच्छेद याच तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे. गुप्त शक्तींना आपल्या सेवेला जुंपून इतरांवर सत्ता मिळवू पाहणे, मग ते कुणाला बरे करण्यासाठी का असेना, हे धर्माच्या विरुद्ध आहे, अशी त्याची शिकवण आहे. ताईत घालण्यालाही तो परिच्छेद दोषच देतो.

म्हणजे त्या माऊलीला पहिले उत्तर असे: मुले मोबाईलवर जे पाहत होती ते दुसऱ्या प्रकारचे होते. लेकराच्या गळ्यात जे होते ते तिसऱ्या प्रकारचे.

गोष्टीतले जादूगार काय शिकवतात?

तात्या विंचू घराघरांत पोहोचला तो १९९३ सालच्या महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' या चित्रपटामुळे. बाहुला रामदास पाध्ये यांचा. कथा आपल्याला पाठ आहे. एक गुंड बाबा चमत्काराकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो. पोलिसांची गोळी लागून मरताना तो मंत्र म्हणतो आणि त्याचा आत्मा जवळच्या बाहुल्यात शिरतो. आता थोडा विचार करा. त्याला मरण नको होते, सगळ्यांवर हुकमत हवी होती. मिळाले काय? हातभर उंचीचे एक शरीर, ज्यातून बाहेर पडण्यासाठी त्याला एका भाबड्या माणसाच्या मागे पळावे लागते. वस्तूच्या जोरावर मालक व्हायला निघालेला माणूस स्वतःच वस्तू झाला. मुले त्याला हसतात, ते योग्यच आहे.

दुसऱ्या चित्रातला पांढऱ्या दाढीचा जादूगार म्हणजे गॅन्डाल्फ. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन भागांत प्रसिद्ध झाली. तिचे लेखक जे. आर. आर. टोल्किन (१८९२-१९७३) हे नित्यनेमाने मिस्साला जाणारे कॅथॉलिक होते, हे आपल्यापैकी थोड्यांना माहीत असेल. त्या कथेत एक अंगठी आहे. ती ज्याच्या हाती येईल त्याला अफाट सत्ता मिळते. कथेच्या सुरुवातीलाच ती अंगठी गॅन्डाल्फला देऊ केली जाते आणि तो घाबरून नाही म्हणतो. आपण दुष्ट आहोत म्हणून तो घाबरत नाही. आपल्या मनात दया आहे, चांगले करण्याच्या इच्छेनेच आपण ही अंगठी वापरू आणि मग तिचे गुलाम होऊ, अशी त्याला भीती वाटते. शेवटी ती अंगठी नष्ट केली जाते. टोल्किन यांनी त्यासाठी तारीख निवडली २५ मार्च. गब्रिएल दूताने पवित्र मरियेला निरोप दिला तो सण आपण याच दिवशी साजरा करतो. मरियेने त्या दिवशी सत्ता मागितली नाही, 'मी प्रभूची दासी' म्हणून स्वतःला दिले.

हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाचा (१९९७) विषय तर आपल्या ओळखीचा परीसच आहे. तो परीस एका आरशातून मिळतो, पण फक्त त्याला, ज्याला तो शोधायचा आहे आणि वापरायचा नाही. ज्याला त्याच्यापासून अमरपण आणि सोने हवे आहे त्याला आरशात फक्त आपली हाव दिसते. पुस्तकाच्या अखेरीस तो परीस नष्ट केला जातो. याच मालिकेच्या शेवटच्या पुस्तकात (२००७) हॅरीच्या आईवडिलांच्या थडग्यावर संत पौलाचे एक वचन कोरलेले आहे, करिंथकरांस पहिल्या पत्रातले (१५:२६). मुलांना ते बायबलमधून शोधून काढायला सांगा.

या तिन्ही गोष्टींतून आम्हाला एक कसोटी मिळते. जादूगार चांगला की वाईट हे त्याच्या टोपीवरून वा काठीवरून कळत नाही. सत्ता देणारी वस्तू समोर आली की तो ती घट्ट धरतो की सोडून देतो, यावरून कळते. ही कसोटी आता गोष्टींच्या बाहेर, आपल्या जिल्ह्यात लावून पाहू.

मानवतची आठवण

परभणी जिल्ह्यातल्या वडीलधाऱ्यांना बहात्तरचा दुष्काळ आठवतो, आणि त्याला लागूनच आणखी एक आठवण येते, जिच्याबद्दल बोलताना आजही आवाज खाली जातो. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात मानवत परिसरात एकामागून एक खून झाले. मारल्या गेलेल्यांत बायका होत्या आणि लहान मुली होत्या. संध्याकाळनंतर माणसे दार उघडत नसत. तपासासाठी मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेचे रमाकांत कुलकर्णी यांना बोलवावे लागले. तपासातून जो हेतू पुढे आला तो असा: गुप्तधन मिळावे, मूल व्हावे, म्हणून पिंपळावरच्या मुंजाला बळी. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. काहींना शिक्षा झाली, काही सुटले. कोण दोषी हा निवाडा न्यायालयाने केला आहे, तो पुन्हा करण्याचे आम्हाला कारण नाही. म्हणून आम्ही कुणाचे नाव घेत नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये याच प्रकरणावर 'मानवत मर्डर्स' ही मालिका मोबाईलवर आली. त्याच वर्षी जूनमध्ये 'मुंज्या' हा हिंदी चित्रपट येऊन गेला होता आणि त्याची मीमही मुलांनी खूप फिरवली. दोन्हींत मुंजा आहे. पण एक भुताची गोष्ट आहे आणि दुसरी खरोखर मेलेल्या लेकरांची. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. तो फरक मुलांना घरातल्या मोठ्या माणसांनीच सांगितला पाहिजे. ज्यांनी ते दिवस पाहिले ते आजी-आजोबा आता थोडे उरले आहेत. त्यांना बोलते करा.

मानवतमध्ये जादूची जी रीत दिसली ती नीट पाहा. मला काहीतरी हवे आहे, ते मला कष्टाशिवाय हवे आहे, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या लेकराने द्यायची आहे. बळी देणारा कधी स्वतःचे रक्त देत नाही. ख्रिस्ताच्या क्रुसाकडे पाहिले की याची बरोबर उलटी बाजू दिसते. तिथे देवाने आपल्यासाठी स्वतःला दिले. यापुढे कोणाचेही रक्त मागणारा, कोंबड्याचे असो की माणसाचे, देवाच्या नावाने बोलत नाही.

हे लिहिताना शेजारच्या धर्माकडे बोट दाखवण्याचा आमचा हेतू नाही. तसे करण्याचा आपल्याला अधिकारही नाही. युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकांत चेटकीण ठरवून सुमारे ४० ते ६० हजार माणसे मारली गेली. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या आणि मारणारे ख्रिस्ती होते. जादूचा लोभ जसा जीव घेतो तशी जादूची भीतीही घेते. 'तिने करणी केली' असे एखाद्या विधवेबद्दल कुजबुजणे हा त्याच पापाचा पहिला पाय आहे.

प्रभुशब्द काय सांगतो?

प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८ (वचने ९-२४) काढा. शमरोनात शिमोन नावाचा एक जादूगार होता. सगळे गाव त्याच्या नादी लागले होते. तो फिलिप्पाचे प्रवचन ऐकून बाप्तिस्मा घेतो. पुढे पेत्र आणि योहान लोकांवर हात ठेवतात व त्यांना पवित्र आत्मा मिळतो, हे पाहून शिमोन पैसे पुढे करतो आणि हीच शक्ती विकत मागतो. बाप्तिस्मा झाला तरी त्याची जादूगाराची नजर गेली नव्हती. पवित्र आत्मा म्हणजे त्याच्या लेखी आणखी एक भारी मंत्र. पेत्र त्याला कडक शब्दांत खडसावतो. पवित्र गोष्टींच्या विक्रीला ख्रिस्तसभेत आजही 'सायमनी' म्हणतात, ते याच शिमोनावरून.

आता अध्याय १९ (वचने ११-२०). इफिस हे शहर ताईतांसाठी प्रसिद्ध होते. 'इफिसची अक्षरे' म्हणून अर्थहीन शब्द लिहून लोक अंगावर बाळगत. तिथे स्किवाचे सात मुलगे येशूचे नाव मंत्रासारखे वापरायला गेले आणि मार खाऊन उघडे पळाले. त्यानंतर ज्यांनी विश्वास धरला होता त्यांनी आपली जादूची पुस्तके आणून सर्वांसमोर जाळली. किंमत झाली ५० हजार रुप्याची नाणी. एक नाणे म्हणजे साधारण एका मजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे एकही सुटी न घेता एका मजुराने सुमारे १३७ वर्षे राबावे, एवढी रक्कम. त्यांनी ती पुस्तके विकली नाहीत, जाळली. आणि जाळली ती स्वतःची. दुसऱ्याच्या घरात शिरून कोणी काही जाळले नाही. म्हणून मुलांची गोष्टीची पुस्तके फाडण्याआधी आपल्या गळ्यात आणि उंबऱ्यावर काय आहे ते पाहू.

'फादर, मग मिस्सा म्हणजे मंत्र नाही का?'

धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलीने आम्हाला हा प्रश्न विचारला होता. प्रश्न जुना आहे. जादूगार 'होकस पोकस' म्हणतात ते आपल्या मिस्सातील लॅटिन शब्दांची नक्कल करून, असा तर्क सतराव्या शतकात इंग्लंडमधील आर्चबिशप टिलटसन यांनी मांडला होता. तर्क खरा की खोटा ते सोडा, प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे.

तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला 'कारण' आणि 'खूण' यांतला फरक शिकवला होता. धूर ही अग्नीची खूण आहे, धुराने अग्नी पेटत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, म्हणून कावळ्याच्या वजनाने फांदी मोडली असे होत नाही. अंधश्रद्धा खुणेला कारण समजते. 'आबराकाडाबरा' हा शब्द मुलांना खेळातला वाटतो, पण सेरेनस सॅमोनिकस या रोमन लेखकाने तो ताप उतरवण्याचा उपाय म्हणून सांगितला होता. हा शब्द ओळीओळीने एकेक अक्षर कमी करत कागदावर त्रिकोणात लिहायचा आणि गळ्यात बांधायचा. शब्द झिजेल तसा ताप उतरेल, अशी कल्पना. अनेक ताप आपोआप उतरतात. कित्येकांचा उतरला असेल आणि श्रेय ताईताला मिळाले असेल.

मिस्सामध्ये काय होते? धर्मगुरू कुठल्या शक्तीला हुकूम सोडत नाही. ख्रिस्ताने स्वतः जे करायला सांगितले ते तो ख्रिस्तसभेच्या वतीने करतो, आणि कृती करणारा ख्रिस्त असतो. म्हणून धर्मगुरू पापी असला तरी संस्कार खरा ठरतो. पण त्याचे फळ घेणाऱ्याच्या तयारीप्रमाणे मिळते (धर्मशिक्षण ग्रंथ, ११२८). जादूत शब्द बरोबर पडले की झाले, मन कसेही असो. संस्कारात देव आपले मन मागतो.

पवित्र पाणी, पदक, जपमाळ, राखेचा बुधवार, झावळ्या हे संस्कार नव्हेत, उपसंस्कार आहेत. ख्रिस्तसभेच्या प्रार्थनेने ते आपल्याला देवाची कृपा स्वीकारायला तयार करतात (१६७०). आणि तोच ग्रंथ २१११ व्या परिच्छेदात बजावतो की, मनाचा विचार न करता केवळ बाहेरच्या कृतीवर भरवसा ठेवणे हीही अंधश्रद्धाच आहे, मग ती कृती आपल्या धर्मातली का असेना. मोटारसायकलला रोझरी लटकवायची आणि दारू पिऊन ती चालवायची, ही जादू झाली. पदकाच्या दोऱ्यात ताईत ओवायचा, म्हणजे दोन्हींपैकी एक तरी लागू पडेल, हीसुद्धा जादूच. तिथे मरिया आपली आई राहत नाही, दुसरा ताईत होते.

या बाबतीत पितळेच्या सापाची हकीकत आपण विसरू नये. गणना २१:४-९ मध्ये देवानेच मोशेला तो साप बनवायला सांगितला. साप चावलेले लोक त्याच्याकडे पाहून वाचले. शेकडो वर्षांनी लोक त्याच सापाला धूप जाळू लागले, तेव्हा राजा हिज्कियाने तो फोडून टाकला (२ राजे १८:४). वस्तू देवाने दिलेली होती, तिचा इतिहास खरा होता, तरी ती देवाच्या जागी बसली तेव्हा फोडावी लागली. उलट, रक्तस्रावाने पीडित स्त्री येशूच्या वस्त्राला शिवते (मार्क ५:२५-३४), तेव्हा येशू तिला तशीच गर्दीत जाऊ देत नाही. तो थांबतो, तिला शोधतो, तिच्याशी बोलतो, तिला मुलगी म्हणतो आणि तिच्या विश्वासाने ती बरी झाली असे सांगतो. वस्त्राचा तुकडा नव्हे, त्याला तिची भेट हवी होती.

एक आमचीच चूक

हे सारे आम्हाला पुस्तकांतून आधीच माहीत होते. तरीही एक प्रसंग लिहिला पाहिजे. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात रात्री आठच्या सुमारास आम्हाला एका वस्तीवरून बोलावणे आले. कापसाच्या शेतातून येताना एका बारा वर्षांच्या मुलाला पान लागले होते. घरात दोन तट पडले होते. काहींना त्याला मंत्राने विष उतरवणाऱ्याकडे न्यायचे होते. आईने हट्टाने आम्हाला बोलावले, "फादर, तुमचं पाणी शिंपडा, ते नको." आम्हाला बरे वाटले. आमच्यावर भरवसा ठेवला म्हणून बरे वाटले. आम्ही पवित्र पाणी शिंपडले, हात ठेवले, रोझरीचा एक दशक म्हटला, मग दुसरा. सगळी वस्ती गुडघ्यावर होती.

गाडी दारातच उभी होती. मुलाच्या मोठ्या बहिणीने, नववीतल्या मुलीने, आमच्या कानाशी येऊन म्हटले, "फादर, रस्त्यात म्हणूया की." तेव्हा आम्ही उठलो. दवाखान्यात डॉक्टरांनी सर्पदंशावरची लस दिली. मूल वाचले. पण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "इतका वेळ कुठे होता?" त्याला उत्तर देताना आमची मान खाली गेली. त्या अर्ध्या तासात आमच्यात आणि मंत्र टाकणाऱ्यात काय फरक होता? शब्द वेगळे होते, एवढाच. प्रार्थना खरी होती, पण आम्ही ती औषधाच्या जागी ठेवली. सिराख ग्रंथाचा ३८ वा अध्याय आम्ही सेमिनरीत शिकलो होतो. वैद्याला देवानेच नेमले आहे, आजारात प्रार्थना कर आणि वैद्यालाही जागा दे, असे तो सांगतो. हे त्या रात्री आमच्यापेक्षा नववीतल्या मुलीला जास्त समजले होते.

महाराष्ट्राच्या २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यात नेमकी हीच गोष्ट आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. गुप्तधनासाठी केलेली अघोरी कृत्येही त्यात येतात. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. हा कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. देवाबद्दलचे त्यांचे विचार आपल्याशी जुळणारे नव्हते. पण लेकरांचा जीव वाचवण्याच्या कामात ते आपल्यापुढे होते, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

हातातला काचेचा गोळा

आता पुन्हा मुलांच्या मोबाईलकडे. काचेच्या गोळ्यात पाहणाऱ्या म्हाताऱ्याचे चित्र आम्हाला आठवत राहिले. टोल्किन यांच्या कथेतही दूरचे दाखवणारे असे गोळे आहेत. डेनेथोर नावाचा एक शहाणा कारभारी त्यात वारंवार पाहतो. गोळा त्याला खोटे दाखवत नाही. पण शत्रू निवडून निवडून तेवढेच दाखवतो, ज्याने धीर सुटेल. शेवटी तो निराश होऊन स्वतःला जाळून घेतो. मोबाईलमध्ये जादू नाही. पण 'हा संदेश अकरा जणांना पाठवा, रात्रीपर्यंत शुभवार्ता कळेल, न पाठवल्यास संकट येईल' असे येशूच्या किंवा संत अंतोनींच्या चित्राखाली लिहून येते आणि आपल्यापैकी बरेच जण भीतीने ते पुढे पाठवतात. तात्या विंचूचे मीम पाठवणारे मूल हसत असते. हा संदेश पाठवणारा मोठा माणूस घाबरलेला असतो. यांतला अंधश्रद्धाळू कोण, हे ज्याचे त्याने ठरवावे.

घरी काय करावे?

१. मुलांबरोबर बसून ते काय पाहतात ते एकदा पाहा. ओरडण्याआधी विचारा, 'या गोष्टीत ती वस्तू कोणी सोडली आणि कोणी धरून ठेवली?'

२. अंगावर, दारावर, गाडीवर जे बांधले आहे त्या प्रत्येक वस्तूला विचारा, 'ही आज हरवली तर मला भीती वाटेल का?' भीती वाटत असेल तर ती श्रद्धेची वस्तू उरलेली नाही. पदकसुद्धा याला अपवाद नाही.

३. साप, विंचू, ताप, झटके, बाळंतपणाची अडचण: आधी गाडी काढा. प्रार्थना रस्त्यात करा. आम्हाला फोन करा, आम्ही थेट दवाखान्यात येऊ.

४. भीती घालणारा संदेश आला तर तो तिथेच थांबवा. तुमच्यापाशी थांबला म्हणून काहीही वाईट होणार नाही.

५. कुणावरही करणीचा आळ घेऊ नका, घेणाऱ्याला साथ देऊ नका.

त्या माऊलीला आम्ही हा लेख छापण्याआधी वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताईत सासूबाईंनी बांधलाय, फादर. त्यांना कोण सांगंल?" आम्ही म्हटले, सासूबाईंनी तो नातवाच्या मायेने बांधला आहे, ती माया खरी आहे. आपण दोघे जाऊन त्यांच्याशी बोलू, आणि त्यांचा मान ठेवून बोलू. येत्या बुधवारी संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी जाणार आहोत. ताईत काढायचा की नाही हे त्या ठरवतील, आम्ही तो तोडणार नाही. तुम्ही आमच्यासाठी प्रार्थना करा.

चिंतनासाठी प्रश्न (कुटुंबात किंवा वाडी-सभेत)

१. शिमोनाने बाप्तिस्मा घेऊनही पैसे का पुढे केले? आपण देवाला नवस बोलताना सौदा करतो का?

२. हिज्कियाने पितळेचा साप फोडला. आपल्या घरात अशी कोणती चांगली वस्तू आहे, जी देवाच्या जागी बसली आहे?

३. मानवतच्या त्या दिवसांबद्दल घरातील वडीलधारी काय सांगतात? ते ऐकून आपल्या लेकींच्या रक्षणासाठी आपण काय करू शकतो?

प्रार्थना

हे प्रभू येशू, रानात सैतानाने तुला धोंड्यांच्या भाकरी करायला सांगितले आणि तू नाही म्हणालास. आमच्या हातात जे घट्ट धरले आहे ते सोडायचे बळ आम्हाला दे. आमच्या लेकरांना गोष्टींतला आनंद दे आणि खोट्या भीतीपासून राख. मानवतमध्ये बळी गेलेल्या मुलींना आणि बायकांना तुझ्या शांतीत घे. आणि आम्हाला तुझ्या वस्त्राच्या टोकापाशी न थांबता तुझ्यापर्यंत येऊ दे. आमेन.